वारशाची दुनळी

जुन्या घरात जमिनीची वाटणी होते, भांड्याकुंड्यांची होते, प्रसंगी देव्हाऱ्यातल्या देवांचीही होते. पण बंदुकीची वाटणी होत नाही. एक नळी थोरल्या पातीला आणि दुसरी धाकट्या पातीला, असा हिशेब तिथे चालत नाही. ती एकाच्याच नावावर करावी लागते आणि बाकीच्या वारसांनी ‘आमची हरकत नाही’ असे लिहून द्यावे लागते. अशा एका सहीसाठी मी पुण्याहून धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी निघालो. दोन दिवसांत परतायचे, असे घरी सांगितले होते. पाच दिवस लागले.

आमचे गाव नळदुर्गच्या बाजूला, बोरी नदीपासून कोसभर आत. माझ्या लहानपणी जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीखानाच्या, नावावरून ते नाव पडले होते. २०२३ साली सरकारदरबारी ‘धाराशिव’ हे जुने नाव परत आले. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडातून ते तसे कधी सुटलेच नव्हते. माझे वडील नोकरीसाठी पुण्याला आले आणि आम्ही पुणेकर झालो. काका गावीच राहिले. शेती, वाडा आणि आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, दुनळी बंदूक त्यांनी सांभाळली. काका गेले, आणि पुढच्या वर्षी चुलतभाऊ बापूचा फोन आला.

“दादा, तेवढी सही करून द्या. परवाना निघाला की खंडेनवमीला पूजा करू, पाडव्याला अंगणात दोन बार काढू, आणि मग हरभऱ्यात शिरणाऱ्या डुकरांकडं बघून घेऊ.”

बापूचा उत्साह मला ठाऊक होता. शिवाय त्या बंदुकीमागे घराण्याची एक कथा होती. आमच्या खापरपणजोबांना ती म्हणे साक्षात टेलरसाहेबाने बक्षीस दिली होती. हा टेलर म्हणजे मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे इंग्लंडात गाजलेला लेखक. निजामाकडे थकलेल्या पैशापोटी १८५३ साली इंग्रजांनी जो मुलूख आपल्या कारभाराखाली घेतला, त्यात आमचा हा भाग होता. त्याचे मुख्य ठाणे नळदुर्ग, आणि तिथला अधिकारी टेलर. १८५७ पर्यंत तो इथे होता. १८६० साली मुलूख निजामाला परत मिळाला. टेलरसाहेब गेला, बंदूक राहिली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

बंदूक मात्र घरात नव्हती, आणि ते योग्यच होते. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की परवानाही संपतो. मग ते हत्यार घरात ठेवून घेता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते, आणि वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हे सारे स्पष्ट आहे. बापूने ठाण्याला कळवून ती सोलापूरच्या एका जुन्या दुकानात जमा केली होती. तेव्हा तिला पाहायचे तर तिथेच, दुकानदाराच्या देखत.

सोलापूरच्या त्या दुकानात सत्तरीतले एक मिस्त्री होते. त्यांनी बंदूक हातात घेतली ती नळ्यांची तोंडे जमिनीकडे ठेवून. आम्हाला एक शब्द न बोलता वरची पट्टी अंगठ्याने बाजूला सारली, बंदूक मधोमध मोडावी तशी उघडली, आणि जिथे काडतुसे बसतात त्या दोन्ही कोठ्यांत आधी डोळा आणि मग करंगळी घालून पाहिली.

“पन्नास वर्षं बंद असू दे, नाहीतर बापानं स्वतः सांगू दे की रिकामी आहे, उघडून बघितल्याशिवाय बंदूक रिकामी नसते,” ते म्हणाले. “आणि भरलेली असो की रिकामी, तोंड माणसाकडं कधी करायचं नाही.”

मग त्यांनी नळ्या उजेडाकडे धरल्या. उजव्या नळीतून खिडकीचे गोल आभाळ दिसले. डाव्या नळीत अंधार होता. पितळी गजाला चिंधी बांधून त्यांनी हळूच आत सारला, तेव्हा मातीचा एक वाळका गोळा टेबलावर पडला. कुंभारमाशीचे घर! ती बिचारी आपल्या पिल्लांसाठी एक शांत भोक शोधत आली असणार. “ह्याच्यामागं काडतूस घालून चाप ओढला असता,” मिस्त्री म्हणाले, “तर वाफेला वाट मिळाली नसती. नळी इथं फाटते, डाव्या हाताच्या बोटांपाशी.” बापूने नकळत आपला डावा हात खिशात घातला.

यानंतरचा तासभर मला आयुष्यात विसरता येणार नाही. बंदूक वाचता येते हे मला ठाऊकच नव्हते. आपण नाव वाचतो आणि थांबतो. नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका पेढीचे नाव कोरलेले होते. आम्ही समजत होतो की तोच तिचा कर्ता. मिस्त्रींनी सांगितले, हे नाव बहुधा विकणाऱ्याचे असते. खरी जन्मपत्रिका खाली असते. त्यांनी पुढचे लाकूड काढले, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, उलट्या केल्या आणि भिंग माझ्या हातात दिले. एरवी लाकडाखाली झाकल्या राहणाऱ्या सपाट भागावर बारीक शिक्के होते. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि वर मुकुट. शेजारी एक चौकट, शंकरपाळ्यासारखी. तिच्यात १२ हा आकडा आणि इंग्रजी ‘सी’.

इंग्लंडात नळी विकण्याआधी तिची परीक्षा घेण्याचा कायदा आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून तिच्यातून बार काढतात; टिकली तर शिक्का मिळतो. असे परीक्षागृह एक लंडनला आणि एक बर्मिंगहॅमला. तिरप्या राजदंडांचा शिक्का बर्मिंगहॅमचा; तो तिथे १९०४ पर्यंत चालला आणि मग बदलला. शंकरपाळ्यातला आकडा १८८७ च्या नियमांनी आला. म्हणजे आमची दुनळी १८८७ आणि १९०४ यांच्या मधली. बेल्जियमच्या लिएज गावची असती, तर लंबगोलात ‘ई एल जी’ ही अक्षरे दिसली असती.

बाराचा आकडाही मोठा गमतीचा आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते, मोठी नव्हे.

“म्हणजे टेलरसाहेब गेले?” बापूने पडक्या आवाजात विचारले.

“ते १८७६ सालीच गेले,” मी म्हणालो.

हसावे की वाईट वाटून घ्यावे ते आम्हा दोघांनाही कळेना. पण मिस्त्रींचे वाचन अजून संपले नव्हते. त्यांनी नळीवर तेलाचा हात फिरवला आणि तिरपी धरली, तेव्हा सबंध नळीवर लाटांसारखी बारीक नक्षी उमटली. ही कोरलेली नव्हती. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. त्या जोडांची ती रेघ. या जातीच्या नळीला डमास्कस म्हणतात. दिसायला फार देखणी. पण हजार ठिकाणी जोडलेली, आणि शंभर-सव्वाशे पावसाळ्यांनी आतून कुठे कुठे गंज चढलेली.

ही नळी काळ्या दारूसाठी घडवलेली. पुढे बिनधुराची दारू आली. तिचा जोर निराळा. त्या दारूने परीक्षा झालेल्या नळ्यांवर १८९६ पासून तसा शिक्का येऊ लागला. काही डमास्कस नळ्यांवरही तो असतो. आमच्या नळ्यांवर नव्हता.

शेवटी त्यांनी कोठीची लांबी मोजली. अडीच इंच, म्हणजे पासष्ट मिलिमीटर. आजचे काडतूस सर्रास सत्तर मिलिमीटरचे असते. फसगत अशी की, ते तिथे सहज बसते. कारण सत्तर ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची. उडण्यापूर्वी त्याचे तोंड दुमडलेले असते. आतल्या आत ते उलगडायला जागा मिळत नाही, आणि मागचा दाब भलताच वाढतो. “काडतूस बसतं म्हणून ते चालतं, असं नसतं,” मिस्त्री म्हणाले. तशीच दुसरी फसगत वीस बोअरच्या काडतुसाची. ते चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर पुढे घसरून अडकते, दिसत नाही. माणसाला वाटते कोठी रिकामी, तो मागे बारा बोअरचे घालतो. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

निकाल त्यांनी एका वाक्यात दिला: “पूजेला ठेवा, उडवायला नको.”

दुकानाबाहेर आल्यावर बापू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “एखादा बार सोसेल की हो, दादा. आबांनी किती काढले असतील!” माझी सही अजून व्हायची होती, आणि ती या वाक्यावर अडली.

नळदुर्गला सरळ हैदराबाद रस्त्याने जाता आले असते, पण सोलापूरपर्यंत येऊन भवानीला टाळून जायचे हे आमच्या घरात कुणाला रुचले नसते. कोजागिरी नुकतीच झाली होती. सीमोल्लंघनानंतर देवी निद्रेला जाते ती आश्विनी पौर्णिमेला उठते. तेव्हा ती सिंहासनावर होती आणि तुळजापूरच्या पायऱ्यांवर गर्दी ओसरली नव्हती. महाद्वारातून बाहेर येताना बापूने दुकानातली पितळी तलवार हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. त्याच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते.

नळदुर्गला आम्हाला काम होते. काकांच्या पेटीत परवान्याचा एक जुना कागद निघाला होता, सबंध उर्दूत. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. तो वाचायला नळदुर्गचे एक निवृत्त शिक्षक कबूल झाले. मास्तरसाहेबांचे वय ऐंशीच्या घरात; मराठी अस्सल इथले, सोलापूर आणि बिदर यांच्या मधले. चहा होईपर्यंत त्यांनी कागद नुसता चाळला, मग म्हणाले, “चला, किल्ल्यात बसून वाचू. इथं चष्म्याला उजेड पुरत नाही.”

नळदुर्गचा किल्ला मी लहानपणी पाहिला होता, पण तेव्हा फक्त पाणी पाहिले होते. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्याच पोटात महाल बांधायचा, ही कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळची, १६१३ सालची. पावसाळा चांगला झाला की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि पाणीमहालात बसलेला माणूस कोरडा राहतो. त्या वर्षी नर-मादी दोन्ही वाहत होते. आम्ही उपळ्या बुरुजावर चढलो. वर दोन लांबलचक तोफा पडून आहेत: एक हत्ती तोफ, दुसरी मगर तोफ. मुले त्यांच्यावर घोडा घोडा खेळत होती.

“ह्या तोफा कुणी उडवायला मागत नाही,” मास्तरसाहेब बापूकडे न बघता म्हणाले. “पण बघायला येतात. आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर तर मलिक-ए-मैदान होती. नगरला १५४९ साली ओतली. १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला नेली. ती कुणी ओतली, कुणासाठी ओतली, सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं आहे. पुढं औरंगजेबानंही आपला मजकूर त्यात घातला. तोफ बोलते ती एकदाच धडाडून नाही. वाचणारा असला तर रोज बोलते.”

मग त्यांनी कागद उलगडला. परवाना १३४१ फसलीचा, म्हणजे १९३१-३२ चा; अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे आजच्या जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीतून दिलेला. नाव आबांचे. वस्तूच्या रकान्यात लिहिले होते: बंदूक दोनाली, कारतूसी, जुनी. पुढे आकडा, तो मी वहीत उतरून आणलेल्या नळीवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. “बघा,” मास्तरसाहेब हसले, “तालुकदाराच्या कारकुनानं नव्वद वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय: जुनी!”

किल्ल्यातून उतरताना बोरीवरचा पूल दिसतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळ हा नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि हैदराबादच्या पोलीस कारवाईतली पहिली चकमक इथे झाली. चार दिवसांनी, १७ तारखेला, निजामाचे राज्य संपले. ही तारीख आमच्या मराठवाड्यात शाळेतल्या पोराला ठाऊक असते. त्या दिवसाच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे सांगणारी माणसे मात्र आता थोडी उरली आहेत. त्यांतली एक आमच्या घरातच होती.

आत्या नव्वदीला टेकली आहे. वाड्याच्या माळवदावर जाणारा जिना आता तिला चढवत नाही, म्हणून ती खालच्या सोप्यात बसून वर बोट दाखवते. बापूने तिला विचारले, “आत्या, आबांनी कितीदा बार काढला असंल गं?”

“कुठला बार?” आत्या म्हणाली. “मी तर एकदाबी ऐकला नाही.”

ती सांगू लागली. रझाकारांच्या दिवसांत ती बारा वर्षांची होती. सबंध गाव संध्याकाळ झाली की दारे लावून घेई. बरीच माणसे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली होती. आबा गेले नाहीत. दिवेलागणीला ते बंदूक घेऊन माळवदावर जात, चारी वाटांनी दिसेल असे बसत, आणि तिला तेल लावून पुसत राहत. “रोज पुसायचे. येवढी काय पुसायची, असं माझी आई म्हणायची. काडतुसं दोनच होती घरात. ती बी आईच्या डब्यात, मिठाच्या बरणीमागं.”

“मग फौज आली. लोक नाचले. आन् दोन-तीन दिवसांत उलटंच सुरू झालं. अत्ताराचं घर, पिंजाऱ्याचं घर, बाया-पोरं समदी आपल्या आतल्या खोलीत होती. आबा परत वर जाऊन बसले. तसेच. तीच बंदूक पुसत. गावातलीच माणसं काठ्या घेऊन आली होती, वर बघून परत गेली.”

सोप्यात कुणी काही बोलले नाही. त्या दिवसांनंतर दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या जिल्ह्याचे नाव लिहिले आहे. आमच्या घरातून तो काळ दोन्ही अंगांनी पाहिलेला होता, आणि मला पुण्यात बसून त्यातले काहीच ठाऊक नव्हते. टेलरसाहेबाची कथा मात्र पाठ होती.

बापू उठून माळवदावर गेला. बऱ्याच वेळाने खाली आला तेव्हा म्हणाला, “दादा, अर्ज करू. पण काडतुसं मागायची नाहीत.”

मी सही केली. दुसऱ्या दिवशी धाराशिवला जाऊन आम्ही कागद दाखल केले. परवाना यायला पुढे बरेच महिने लागले, आणि ते वाजवीच आहे. हत्याराचा वारसा सरकारने नीट पारखूनच द्यावा. तिथे समजले ते वाचकांनाही उपयोगी पडेल. आनंदाच्या भरात, वरातीत किंवा सणाला बेपर्वाईने बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार बंदी आहे, आणि पिकात शिरणारे डुक्कर झाले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यावर बंदूक रोखता येत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो, तो पाळावा लागतो. ज्यांच्या घरी अशी जुनी दुनळी असेल त्यांनी ती स्वतः उघडून, दाबून, वाजवून पाहू नये. जाणत्या कारागिराच्या हाती द्यावी. शिक्क्यांची छायाचित्रे काढून परवान्याबरोबर ठेवावीत. आणि पूजेच्या आदल्या दिवशी भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून ती घासू तर मुळीच नये. नक्षी जाते, शिक्के जातात, आणि बंदूक मुकी होते.

यंदाच्या खंडेनवमीला मी गावी होतो. बापूने कुलूपबंद कपाटातून नळ्या आणि दस्ता वेगवेगळे काढले, सर्वांदेखत कोठ्या रिकाम्या असल्याचे पाहिले, आणि कोरड्या धडप्यावर मांडले. ओले हळदकुंकू लोखंडाला लागू नये म्हणून फूल तेवढे वाहिले. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “ही कशी वाजते?”

“वाजत नाही,” बापू म्हणाला, आणि तिला भिंग देऊन मुकुटाखालचे दोन राजदंड दाखवू लागला.